ओलीवरचं पीक

हरभरा पेरायचा तो पाऊस संपल्यावर. खरिपाला माणूस आभाळाकडे बघतो, हरभऱ्याच्या वेळी वाकून मूठभर माती उचलतो. मुठीत दाबली की तिचा गोळा व्हावा आणि अंगठ्यानं ढकलला की फुटावा, एवढी ओल असली म्हणजे वाफसा आला. त्याच्या आधी घाई केली तर बी कुजतं. उशीर झाला तर वरच्या कोरड्या थरात नुसतं पडून राहतं, मुंग्या नेतात. औसा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात ही वेळ हस्ताच्या पावसावर ठरते. हस्त मनासारखा बरसला की अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फोनवर दुसरं काही बोलत नाही. सोयाबीन कधी निघतं, मळणीयंत्रवाला कधी येतो, रान कधी मोकळं होतं, सगळा जीव त्यात टांगलेला. जमिनीत साठलेली ओल रोज थोडी थोडी उडून जात असते आणि पुढचे साडेतीन महिने त्या ओलीवरच काढायचे असतात.

मी पुण्यात नोकरी करते. दिवाळी ते होळी या दिवसांत जमेल तेव्हा गावी जाते आणि त्यातलं निम्मं कारण हरभरा असतं. ज्वारीवर पुष्कळ लिहून झालंय, उसावर तर राज्याचं राजकारण उभं आहे. हरभऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गुडघ्याला जेमतेम लागणारं ते झुडूप, बांधावरून जाणाऱ्याची नजर त्याच्यावरून सरळ पलीकडच्या उसावर जाते. पण जगात पिकणाऱ्या हरभऱ्यातला जवळजवळ सत्तर टक्के भारतात पिकतो, त्यात महाराष्ट्र आघाडीवर असतो, आणि आमच्यासारख्या कोरडवाहू घराला रब्बीत चार पैसे दाखवणारं पीक हेच. मला मात्र लिहायचंय ते त्याच्या स्वभावाबद्दल. या पिकाला कमी पडलेलं सोसतं, जास्त झालेलं सोसत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. शेतात बसून बघायला लागले तेव्हा ते किती खोलवर खरं आहे हे कळत गेलं.

पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ओसरीत ताडपत्री अंथरतात. बी पसरायचं, ट्रायकोडर्माची भुकटी किलोला पाच ग्रॅम या हिशेबानं चोळायची, कारण आमच्या रानात मर रोगाची बुरशी आहे आणि ती एकदा शिरली की पीक नसतानाही वर्षानुवर्षं मातीत दबा धरून राहते. मग गुळाचं पाणी उकळून गार करायचं, त्यात रायझोबियम या जिवाणूंचं पाकीट कालवायचं आणि ते बियांना हलक्या हातानं लावायचं. रगडलं तर साल निघते. हे काम आई कुणाला करू देत नाही. बोटं पसरून ती बी असं वरच्या वर खेळवते की प्रत्येक दाण्यावर ओलसर चकाकी येते आणि एकही दाणा दुसऱ्याला चिकटत नाही. रात्रभर ते सावलीत, पंख्याखाली सुकतं. उन्हात टाकलं तर त्यातले जिवाणू मरतात आणि सगळं मुसळ केरात. सकाळी उजाडताच पाभरीनं पेरणी. दोन ओळींत तीस सेंटिमीटर, दोन रोपांत दहा.

महिन्याभरानं एक रोप अलगद उपटून पाहावं. नुसतं ओढलं तर मुळं तुटतात. खुरप्यानं भोवतीची माती सैल करून, मातीच्या गोळ्यासकट उचलून बादलीतल्या पाण्यात सोडायचं. माती विरघळत जाते आणि खाली पांढरट सोटमूळ दिसायला लागतं. हे मूळ पुढं मीटरभराच्याही खाली जातं, वरच्या झुडपाच्या दुप्पट. वरच्या टोकाशी, सोटमुळावर आणि बाजूच्या मुळ्यांवर, आल्याच्या कोंबासारख्या फुगीर, वेड्यावाकड्या गाठी असतात. एक गाठ नखानं कापली की आत गुलाबी, कधी तर मांसासारखी लाल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातल्या द्रव्याचा. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, पण ज्या विकराच्या जोरावर ते हे करतात तो प्राणवायू लागला की निकामी होतो. म्हणून झाडच हे लाल द्रव्य बनवून प्राणवायू मोजून मोजून आत सोडतं. गाठ आतून हिरवी किंवा करडी निघाली तर समजायचं, तिचं काम थांबलंय.

आणि इथंच त्याचा स्वभाव पहिल्यांदा दिसतो. पेरताना हेक्टरी पंचवीस किलो नत्र पुरे असं शिफारशीत असतं. ते सुरुवातीचं, गाठी कामाला लागेपर्यंतचं. त्यावर कुणी हौसेनं युरिया फेकला तर झाड गाठी धरायचं सोडून देतं. आयतं मिळतंय म्हटल्यावर जिवाणूंना पोसायचा खर्च ते का करेल? रान काळंभोर हिरवं दिसतं, बघणारा खूश होतो, आणि फुलं यायच्या वेळी झाड अजून पानंच काढत बसलेलं असतं. हरभऱ्याचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकासाठी मागं राहणारा जमिनीचा कस, चांगला म्हणतात तो या गाठींमुळे आणि पिकताना गळणाऱ्या पाल्यामुळे. युरियावर वाढलेल्या हरभऱ्यामागं तसा बेवड मिळत नाही, असं अण्णाचं मत आहे आणि मला ते पटतं.

महिना उलटायच्या सुमाराला शेंडे खुडायची वेळ येते. या दिवसांत मी सुट्टी काढतेच. सकाळचं दव उतरलं की बायका ओळी धरतात, कमरेला ओटा खोचलेला, आणि दोन बोटांच्या चिमटीत कोवळा शेंडा धरून टच्‌ करून तोडतात. चांगल्या खुडणारीचे दोन्ही हात चालतात आणि नजर तिसऱ्याच झाडावर असते. शेंडा गेला की वर जाणारा जोर बाजूच्या डोळ्यांत उतरतो, फांद्या फुटतात, झुडूप पसरतं, आणि जितक्या फांद्या तितके घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. उंच वाढू पाहणाऱ्याला थांबवून त्याच्याकडून जास्त घ्यायचं, हे कुणाला कधी सुचलं असेल कोण जाणे. मला वाटतं आधी भाजी सुचली असेल आणि फांद्या नंतर लक्षात आल्या असतील.

"फूल दिसायच्या आत खुडायचं, ताई. कळी आली की मग हात लावायचा न्हाई," वहिनी दरवर्षी सांगते. मला माहीत आहे हे तिलाही माहीत असतं, तरी सांगते.

खुडलेल्या पाल्याचं घरी काय होतं ते सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी घोळाणा. कोवळा पाला कच्चाच, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मीठ, शेंगदाण्याचा कूट, वर थोडं कच्चं तेल. हातानं कालवायचं आणि गरम भाकरीबरोबर खायचं. दुसऱ्या दिवशी भाजी. ही भाजी आमच्याकडे धूत नाहीत, निवडून फक्त झटकतात, कारण धुतली की आंबटपणा जातो. त्यामुळे फवारा न पडलेल्या रानातलीच घ्यायची हा नियम कडक. चिरून शिजत घालायची, भिजवलेले शेंगदाणे टाकायचे, ज्वारीचं पीठ वरून भुरभुरवत रवीनं घोटायची, आणि मग लोखंडी पळीत तेल कडकडीत तापवून भरपूर ठेचलेला लसूण आणि लाल मिरची. फोडणी ओतल्यावर जो चर्र आवाज येतो त्याबरोबर सगळं घर स्वयंपाकघराकडे वळतं. उरलेला पाला सावलीत वाळवून, हातानं चुरून डब्यात जातो. वैशाखात, मंडईत भाजी मिळेनाशी होते तेव्हा तो बाहेर येतो. वाळलेल्या पाल्याची भाजी ताज्यापेक्षा चांगली लागते. यावर आमच्या घरात दोन तट आहेत, मी वाळलेल्याच्या बाजूची.

तो आंबटपणा येतो कुठून, हे मला फार दिवस कळलं नव्हतं. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, अगदी घाट्यांवरही बारीक लव असते. उन्हाकडे धरून पाहिलं तर प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब दिसतो, टाचणीच्या टोकाहून लहान. हीच आंब. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. रात्री दव पडलं की त्यात ती उतरतात आणि पहाटे सगळं रान आंबट पाण्यानं भिजलेलं असतं. अशा रानातून अनवाणी चाललं तर पोटऱ्या चुरचुरतात, टाचेला भेग असेल तर डोळ्यांत पाणी येतं, आणि रोज तिथं काम करणाऱ्या बायकांच्या साडीचे काठ हंगामभरात विरून जातात.

आजी आंब धरायची. मार्गशीर्ष-पौषात, पूर्वेला नुसतं फटफटलं की धुतलेलं मलमलचं फडकं घेऊन ती रानात जायची. फडक्याची दोन टोकं ती, दोन टोकं मी. ओळींवरून ते अलगद ओढत न्यायचं, झाड वाकेल पण मोडणार नाही इतक्या बेतानं. दहा-बारा ओळी झाल्या की फडकं जड व्हायचं. मग चिनी मातीच्या बरणीवर धरून पिळायचं. पितळेच्या भांड्यात आंब कधी घ्यायची नाही, ते भांडं खराब करते आणि भांडं तिला. पिळताना आजीच्या हाताच्या शिरा वर यायच्या आणि फडक्यातून मातकट हिरवं पाणी बरणीत पडायचं. ते गाळून, उन्हात ठेवून दाट करायचं. पोटात दुखलं, अजीर्ण झालं की चार थेंब पाण्यातून. चव अशी की जिभेच्या दोन्ही कडा आकसून येतात आणि कानाच्या मागं कळ जाते. वैद्य लोकही ही आंब वापरत आलेले आहेत, चणकाम्ल म्हणून. ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यानं तिच्या वाटेला जाऊ नये, हे मात्र मी आवर्जून सांगेन.

झाड ही आंब आपल्या पोटदुखीसाठी काढत नाही. पानाला तोंड लावणाऱ्या किड्यांपासून ते स्वतःला राखतं. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. अवेळी पाऊस झाला की आमच्याकडे लगेच म्हणतात, आंब धुतली, आता अळी पडणार. आभाळ भरून राहिलं, धुई पडली की तीच काळजी. खरं तर झाडानं स्वतःच्या रक्षणाची सोय केलेली असते आणि वरून पडलेलं जादा पाणी ती सोय काढून नेतं.

फुलाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते फूलच थोडक्यातलं आहे. पानाच्या बगलेत, बारीक देठावर, एकटं. देशी हरभऱ्याचं गुलाबी-जांभळं, काबुलीचं पांढरं. वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं, करंगळीच्या नखाएवढं. पाकळीवर गडद शिरा असतात आणि एक-दोन दिवसांत रंग निळसर होत सुकतो. फूल उघडण्याआधीच, कळी मिटलेली असतानाच परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे मधमाशीची वाट त्याला पाहावी लागत नाही. इतकं स्वतःपुरतं जगणारं फूल आमच्या रानात दुसरं नाही. थंडी मात्र हवी. पौषात थंडी धरली नाही, उलट ढगाळ आणि कोंदट राहिलं, तर फुलं गळून जातात.

मग घाटे लागतात आणि घाटेअळीही येते. ती हिरव्या घाट्याला गोल भोक पाडून अर्धं अंग आत घालते, अर्धं बाहेर लोंबत ठेवते आणि आतला दाणा संपला की पुढच्या घाट्याकडे जाते. एक अळी तीस-चाळीस घाटे खाऊन टाकते असं कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते वाचून भीती वाटते आणि भीतीपोटी माणूस दुकानात जातो. दुकानदार काउंटरवर बाटल्या मांडतो. एका फवारणीनं काम होत असलं तरी पिशवीत तीन येतात.

अण्णानं गेली काही वर्षं वेगळी रीत धरलीय. पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी विखरून टाकायची. ती उंच वाढते आणि पाखरांना बसायला जागा होते. जिथं ज्वारी उगवली नाही तिथं बाभळीच्या फांद्या नाहीतर इंग्रजी टी अक्षरासारखे काठ्यांचे मचाण रोवायचे. कोतवाल आणि साळुंक्या त्यांवर बसतात, मान तिरकी करून खाली बघतात आणि एकदम झेप घेऊन अळी उचलतात. कोतवालाची नजर इतकी पक्की की त्याची झेप वाया गेलेली मी क्वचितच पाहिलीय. हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं पतंग ओढून घेणारे सापळे, लावायचे आणि त्यात रोज पतंग किती येतात ते मोजायचं. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क. त्याच्यापुढं जायची वेळ आलीच तर विषाणूचं द्रावण, एचएएनपीव्ही. ते संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हानं विषाणू मरतो. पाण्यात थोडी नीळ मिसळतात तीही उन्हापासून आडोसा म्हणून. रोग लागलेल्या अळ्या झाडाच्या शेंड्यावर चढतात आणि तिथं उलट्या लटकून काळ्या पडतात. ते पाहायला बरं वाटत नाही. पण त्या रानात पाखरं जिवंत असतात, कोळी जिवंत असतात, आणि मुलं डहाळे तोडून तिथंच खाऊ शकतात. बाटलीनं ज्या हंगामात सगळं साफ होतं, त्याच्या पुढच्या हंगामात अळी आधी येते आणि पाखरं येत नाहीत. यंदा फवारलंस का, असं विचारणाऱ्या शेजाऱ्यांना अण्णा सांगतो, आधी मोजा.

पाण्याचं सगळ्यात अवघड. कोरडवाहू माणसाला विहिरीला पाणी असताना गप्प बसा म्हणणं सोपं नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पाणी पाइपात आलंय आणि पीक म्हणतंय, थांब. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी फांद्या फुटताना एक पाणी, घाटे भरताना साठ-पासष्ट दिवसांनी दुसरं. एका पाण्यानं उत्पादन तीस टक्क्यांनी वाढतं, दोहोंनी साठ टक्क्यांनी, असं ते सांगतात. म्हणजे हरभऱ्याला पाणी नकोच असं अजिबात नाही. पण ते हलकं हवं आणि काळ्या रानाला भेगा पडायच्या आत द्यायला हवं. भेगाळलेल्या रानात मोकळं पाणी सोडलं की ते भेगांतून खाली भरतं, मुळांची हवा कोंडते आणि दोन-तीन दिवसांत पीक पिवळं पडून मान टाकतं. याला हरभरा उभळला म्हणतात. उभळलेलं रान मी पाहिलंय. माणूस बांधावर उभा असतो, हातात अजून नळीचं टोक असतं, आणि त्याला कळत नसतं की आपण चांगलंच करत होतो तर हे असं कसं झालं.

दुसऱ्या एका रानात उभळलं नाही, उलट फोफावलं. हातात पाणी होतं म्हणून मालकानं चार-चार पाणी दिलं. कमरेएवढा हिरवागार हरभरा, रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. फेब्रुवारी सरत आला तरी पिकायचं नाव नाही. झाड चाळून पाहिलं तर पाल्यात घाटे शोधावे लागत. पाणी मिळत राहील असं वाटलं तोवर झाड वाढत राहिलं. ओल संपत आल्याची खूण त्याला मिळालीच नाही, आणि ती खूण मिळाल्याशिवाय दाणा भरायची त्याला घाई नसते. शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही. ज्या गावानं उन्हाळ्यात टँकर पाहिलाय त्या गावातल्या माणसाला पाणी आखडून देणं शिकवणारं कुणी त्याच्याजवळ नव्हतं. विस्तार सेवा म्हणून जे काही गावात पोचतं ते बहुतेक वेळा काहीतरी विकायला आलेलं असतं, आणि विकणारा कधी थांबा म्हणत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

हरभऱ्याला ही सवय कुठून लागली याचा माग काढताना मी पार तुर्कस्तानात पोचले. त्याचा रानटी पूर्वज आजही आग्नेय तुर्कस्तानात मार्दिन, दियारबाकिर या भागातल्या खडकाळ टेकड्यांवर उगवतो. १९७० च्या दशकात गिदोन लादिझिन्स्की या इस्रायली वनस्पतिशास्त्रज्ञानं तो ओळखून त्याची नोंद केली. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. गहू, जव, मसूर ही त्या भागातली इतर पुरातन पिकं त्याच पावसावर वाढतात, पण ओल्या हिवाळ्यात हरभऱ्यावर करपा येतो आणि उभं रान बसतं. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की म्हणूनच फार प्राचीन काळी तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला हिवाळ्यातून काढून वसंतात पेरायला सुरुवात केली, म्हणजे पाऊस उलटल्यावर, मागं राहिलेल्या ओलीवर. पावसापासून वाचवण्यासाठी त्याला कोरडेपणा शिकवला. असं शिकलेलं पीक पूर्वेकडे सरकत भारतात आलं आणि दख्खनच्या काळ्या मातीत त्याला मनाजोगी जागा मिळाली, जिथं पाऊस चार महिने पडून थांबतो आणि माती ती ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. मला हे वाचून आनंद झाला होता आणि आजही होतो. आमच्या वाफशाचा धागा त्या टेकड्यांपर्यंत जातो, आणि मधली सगळी शतकं कुणी ना कुणी मूठभर माती दाबून पाहत होतं.

पण या प्रवासात त्याचं बरंच काही मागं राहिलं. लागवडीतला हरभरा अनुवंशाच्या दृष्टीनं गरीब आहे. रोगाशी, उष्णतेशी झुंजायचे बरेच गुण रानटी भाईबंदांकडे राहून गेले. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिच्या जनुकपेढीत हरभऱ्याचे वीस हजारांच्या आसपास नमुने थंड करून ठेवलेत. २०२१ मध्ये त्यांच्या पुढाकारानं ३,३६६ नमुन्यांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. आयसीसी ४९५८ नावाचा एक वाण खोल आणि भरदार मुळांसाठी तिथं प्रसिद्ध आहे. कमी पाण्यात तगणारे नवे वाण घडवताना त्याचाच आधार घेतला गेला. इतकी मोठी यंत्रणा, इतका खर्च, आणि शोध कशाचा, तर खाली जाणाऱ्या मुळाचा. आमच्या पट्ट्यात राहुरीचा विजय हा वाण आला आणि मरीच्या रानातही पीक उभं राहायला लागलं, तेव्हाचं समाधान अण्णाच्या बोलण्यात अजून येतं.

संक्रांतीच्या आधी घाटे भरतात आणि मग काही दिवस हरभरा सगळ्यांचा होतो. भोगीच्या भाजीत सोलाणे पडतात, सुगडात उसाच्या करव्यांबरोबर आणि बोरांबरोबर हिरवे घाटे जातात. लातूर रस्त्यावर डहाळ्यांच्या पेंढ्या घेऊन पोरं उभी राहतात. रानात हुळा भाजतात. काटक्या आणि वाळला पाला पेटवून त्यावर घाट्यांसकट झाडं टाकायची. घाटे तडतडतात, आच विझली की राखेतून वेचायचे, तळहातावर चोळून फुंकर मारायची. आतला दाणा अर्धा भाजलेला, अर्धा वाफवलेला, गोडसर. बोटं आणि ओठ काळे होतात. पुढं होळीला पुरणात तोच, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि कैरीची डाळ.

काढणी माघाच्या शेवटाला, पहाटे. ऊन चढल्यावर हात लावला तर वाळलेले घाटे तडकून दाणे रानात सांडतात. दवानं ते नरम असतात तोवर उपटून ढीग घालायचे. बायका हाताला जुने मोजे, नाहीतर कापडाच्या पट्ट्या बांधतात, तरी नऊ वाजेपर्यंत बोटांची टोकं लाल झालेली असतात. यंत्रातून दाणे एकीकडे पडतात, कुटार दुसरीकडे. कुटार म्हशीला आणि दाणे आडतीवर. २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामाला सरकारनं हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये जाहीर केला होता. पण डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत पिवळा वाटाणा विनाशुल्क येऊ दिला गेला, आणि बेसनाच्या धंद्यात स्वस्त वाटाणा हरभऱ्याची जागा घेतो हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या पिकानं देशाला डाळ दिली, मातीला नत्र दिला आणि पाणी जवळजवळ मागितलं नाही, त्याचा भाव असा पाडणं हा शहाणपणा नाही. उसाला मिळतं त्याच्या निम्मं जरी लक्ष हरभऱ्याला मिळालं तरी आमच्या जिल्ह्याचं पाणी वाचेल, असं मला ठामपणे वाटतं.

आता उपटायला बाया मिळत नाहीत म्हणून अण्णा यंत्रानं कापता येणाऱ्या उंच वाणाचा विचार करतोय. फुले विक्रम तसा आहे, सरळ उभा वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात, हार्वेस्टर सहज फिरतो. मजुरीचा हिशेब मांडला तर त्याचं बरोबर आहे, आणि ज्यांच्या बोटांची टोकं लाल होतात त्यांच्या बाजूनं पाहिलं तर आणखीच बरोबर. त्यानं बियाण्याची चौकशी केलीय आणि सडकेकडच्या रानात पेरायचं ठरवलंय. विहिरीकडच्या पट्ट्यात मात्र विजयच राहील. तिथलं बी वहिनीनं यंदाच्या मळणीतून स्वतः निवडून, कडक उन्हं देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवलंय. तिला खुडायला बसकं झाड हवं, आणि वैशाखातल्या डब्याला पाला.